लांबी सांगा, नियम सांगा!

जावास्क्रिप्टकडून एक ते दहा आकड्यांची यादी मागून घ्यायची. एवढीच तर गोष्ट! पण ती कशी मागायची हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. घरातल्या सगळ्यांना सांगून झालं, शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाला जिन्यात थांबवून सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगते. या एवढ्याशा मागणीच्या आड अख्खी भाषा दडलेली आहे, आणि ती दिसायला लागली की थांबवत नाही!

आधी ती ओळच सांगते. अ‍ॅरे डॉट फ्रॉम. पुढे साधा कंस. त्यात दोन गोष्टी. पहिली म्हणजे महिरपी कंसात लेंग्थ, अपूर्णविराम, दहा. मग स्वल्पविराम. दुसरी म्हणजे एक छोटंसं फंक्शन, जे जागेचा क्रमांक घेतं आणि त्यात एक मिळवून परत देतं. कंस बंद. एंटर. आणि समोर चौकटी कंसात [१, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०]! दहाच्या जागी हजार घाला, हजार येतील. ओळ तेवढीच राहते.

यात एवढं नाचण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पायथॉन येणारी माणसं तर हमखास म्हणतात, कारण त्यांच्याकडे रेंज नावाचं तयार फंक्शन आहे. पीएचपीतही रेंज आहे. रुबीत तर दोन आकड्यांच्या मध्ये दोन टिंबं दिली की काम झालं. जावास्क्रिप्टमध्ये मात्र असं तयार काही नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये दहा दिवसांत या भाषेचं पहिलं रूप उभं केलं. तेव्हापासून भाषा प्रचंड वाढली, पण ‘इथपासून तिथपर्यंतचे आकडे दे’ असं थेट सांगणारं अंगभूत फंक्शन अजून प्रमाण भाषेत आलेलं नाही. आणि मी शपथेवर सांगते, नाही तेच बरं आहे! ते असतं तर मी ते वापरून पुढे गेले असते आणि हे सगळं माझ्या नजरेतून निसटलं असतं.

फॉर लूप अर्थातच आहे. रिकामी यादी घ्या, एकापासून सुरुवात करा, दहापर्यंत एकेक आकडा पुश करत जा. तो भरवशाचा आहे, वेगवान आहे, आणि कुणी तो लिहिला तर त्यात काहीच कमी नाही. पण लूपमध्ये आपण यंत्राला पायरीपायरीने काम सांगतो. मला हवं होतं ते वेगळं: यादी कशी असावी एवढंच सांगायचं आणि ती व्हावी. त्या शोधात पहिलं आश्चर्य समोर आलं.

अ‍ॅरे लिहून कंसात पाच लिहिलं, तर पाच जागांची यादी मिळते. तिची लेंग्थ विचारा, पाच सांगते. मग प्रत्येक जागेवर तिचा क्रमांक ठेवावा म्हणून मॅप चालवा. काहीही होत नाही! चूक दाखवली जात नाही, तक्रार नाही, मॅपमधलं फंक्शन एकदाही चालत नाही, आणि यादी होती तशीच रिकामी परत येते. का? कारण त्या पाच जागा अस्तित्वातच नाहीत. नाट्यगृहाच्या नकाशावर आसनांची संख्या छापलेली असावी आणि आत एकही खुर्ची बसवलेली नसावी, तशी ही यादी असते. लेंग्थ हा तिच्यावर लिहिलेला नुसता एक आकडा. जावास्क्रिप्टमधला अ‍ॅरे हा मुळात ऑब्जेक्ट असतो. शून्य, एक, दोन ही त्याच्या कप्प्यांची नावं, आणि कप्पा केलाच नसेल तर तो नसतोच. ‘शून्य नावाचा कप्पा आहे का?’ असं इन वापरून विचारा, उत्तर येतं फॉल्स. या न केलेल्या कप्प्यांना प्रोग्रॅमर ‘होल’, म्हणजे भोक, म्हणतात. मॅप, फिल्टर, फॉरईच ही मंडळी भोकावरून पाय न ठेवता पुढे जातात. तसं भाषेच्या प्रमाणातच, म्हणजे स्टँडर्डमध्येच, लिहिलेलं आहे: आधी कप्पा आहे का ते तपासा, असेल तरच फंक्शन चालवा.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. लांबी ही एक गोष्ट आणि आतला ऐवज ही दुसरी! आजवर मी या दोन्ही एकच समजत आले होते, आणि या भाषेने त्या माझ्यासमोर वेगवेगळ्या करून ठेवल्या. पुढचं सगळं इथूनच निघतं.

आता या भोकांवर उपाय काय? सर्वांत साधा म्हणजे फिल. पाच जागांची यादी करा, फिलने सगळीकडे शून्य भरा, आता कप्पे खरे झाले, मग मॅप चालवा. चालतं. दुसरा उपाय इतका देखणा आहे की तो पाहून मी खुर्चीतून उठलेच: चौकटी कंस, त्यात तीन टिंबं, मग पाच जागांची ती रिकामी यादी आणि तिला जोडून डॉट कीज. उत्तर [०, १, २, ३, ४]. यादीत काहीही नाही, तरी आकडे आले! कारण कीज आतल्या ऐवजाकडे पाहतच नाही. ते इटरेटर देतं, म्हणजे एकेक गोष्ट मागितल्यावर देणारी वस्तू, आणि हा इटरेटर शून्यापासून लांबीच्या आधीपर्यंतचे क्रमांक देत राहतो, मग तिथे कप्पा असो की भोक. तीन टिंबं त्याच्याकडून शेवटपर्यंत मागून घेतात आणि चौकटी कंसात मांडतात. जुनी मंडळी भोकं ओलांडतात, ही नवी मंडळी भोकांनाही मोजतात, आणि एकाच भाषेत या दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदतात.

पिढ्या म्हणते ते उगाच नाही. कीज, फिल, तीन टिंबं, बाण-फंक्शन, अ‍ॅरे डॉट फ्रॉम हे सगळं जावास्क्रिप्टच्या प्रमाणात एकाच वेळी आलं, २०१५ च्या जूनमध्ये, इक्मास्क्रिप्ट २०१५ या आवृत्तीत. त्याआधी लोक काय करत असतील? मी जुना कोड शोधत गेले आणि एक अशी ओळ सापडली की ती लिहिणाऱ्याला मनोमन नमस्कार केला. अ‍ॅरे डॉट अप्लाय, कंसात नल आणि लेंग्थ पाच एवढंच लिहिलेला ऑब्जेक्ट. पुढे मॅप, आणि मॅपच्या कंसात नंबर डॉट कॉल, नंबर. यात मुळात एकही यादी नाही! अप्लायला वाटतं आपल्याला पाच गोष्टी दिल्या आहेत. ते शून्य ते चार अशा जागांवर शोधतं, काही सापडत नाही, म्हणून पाच वेळा अनडिफाइन्ड घेतं. आता अनडिफाइन्ड का होईना, कप्पे खरोखर तयार झाले. मग मॅप प्रत्येक वेळी ऐवज आणि क्रमांक पुढे सरकवतो, कॉल ऐवजाला धिस समजून बाजूला ठेवतो, आणि नंबरच्या हाती फक्त क्रमांक पडतो. यादी तयार! फार मोठ्या आकड्याला ही युक्ती मोडते, कारण एका वेळी किती गोष्टी पुढे करता येतात याला इंजिनाची मर्यादा असते. पण हाताशी असलेल्या चार हत्यारांतून नसलेलं हत्यार घडवणाऱ्या त्या माणसांबद्दल मला अतोनात कौतुक वाटतं.

आणि आता लक्षात येईल की अ‍ॅरे डॉट फ्रॉम इतकं सुंदर का आहे. ती जुनी युक्ती ज्या गोष्टीवर उभी होती, तीच इथे भाषेने राजरोस मान्य केली: लेंग्थ नावाचा गुण असलेली कुठलीही वस्तू यादीसारखी मानता येते. लांबी एवढाच देह असलेली वस्तू द्या आणि सोबत नियम द्या. फ्रॉम त्या लांबीइतक्या वेळा नियम चालवतं आणि प्रत्येक उत्तर जागेवर ठेवतं. फंक्शनला पहिली गोष्ट मिळते ती ऐवज, जो इथे नसतोच, म्हणून त्याच्या जागी लोक नुसती अधोरेखा लिहितात. दुसरी मिळते ती क्रमांक, आणि सगळा खेळ तिच्यावर.

लांबी आणि नियम. बस्स! हे समजलं की हातात किल्ली येते. नियमात क्रमांकाची दुप्पट लिहा, सम संख्या आल्या. क्रमांकाला क्रमांकाने गुणा, वर्ग आले. दहातून क्रमांक वजा करा, उलटी मोजणी. आणि मग मला दहावीचं बीजगणिताचं पुस्तक आठवलं, अंकगणिती श्रेढीचा धडा! पहिलं पद ए, साधारण फरक डी, तर एनवं पद म्हणजे ए अधिक एन वजा एक गुणिले डी. तो ‘वजा एक’ तेव्हा नुसता पाठ केला होता. इथे नियम लिहिताना तो गळूनच पडतो: सुरुवात अधिक क्रमांक गुणिले पाऊल. कारण क्रमांक शून्यापासून सुरू होतो, आणि पहिल्या पदापर्यंत पोचायला शून्य पावलं लागतात! एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये एक छोटं टिपण लिहिलं, मोजणी शून्यापासून का सुरू व्हावी याच विषयावर. त्यांचा मुद्दा असा की मालिकेची खालची मर्यादा आत धरावी आणि वरची बाहेर ठेवावी. म्हणजे दोन मर्यादांची वजाबाकी हीच मालिकेची लांबी होते, आणि एक मालिका संपते तिथेच दुसरी नेमकी सुरू होते. शून्य ते चारची यादी लेंग्थ पाचच्या आत का बसते, ते आता मला मनापासून पटलं.

दोन्ही टोकं आत हवी असतील, तर लांबीत एक मिळवायचा. आठ ते वीस हे आकडे किती? वजाबाकी बारा, पण आकडे तेरा. तेव्हा शेवटातून सुरुवात वजा करा, पावलाने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा, ही झाली लांबी. यावरून मी माझं स्वतःचं फंक्शन लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मालिका’. होय, देवनागरीत! जावास्क्रिप्ट देवनागरी अक्षरांतली नावं स्वीकारते. कंसात सुरुवात, शेवट, पाऊल, हीसुद्धा देवनागरीत. अंक तेवढे इंग्रजी लिहावे लागतात. मालिका पाच, पंचवीस, पाच असं विचारलं आणि [५, १०, १५, २०, २५] हजर.

मग सुरू झाली धमाल. तिसरीतल्या भाचीसाठी मला पाढ्यांचं एक पान करायचंच होतं. पाढा म्हणजे काय, तर लांबी दहा आणि नियम गुणाकार. आणि सगळे पाढे म्हणजे? पाढ्यांची यादी! फ्रॉमच्या नियमात आणखी एक फ्रॉम. बाहेरची लांबी एकोणतीस, सुरुवात दोनपासून. आतली लांबी दहा. एका ओळीत ‘बे एके बे’पासून ‘तीस दाहे तीनशे’पर्यंत दोनशे नव्वद आकडे ओळीने उभे! इथे फ्रॉम आणि फिलमधला एक मोलाचा फरकही कळतो. फिलने जर रिकामी यादी प्रत्येक जागेवर भरली, तर सगळीकडे तीच एक यादी बसते आणि एका पाढ्यात लिहिलेलं सगळ्यांत उमटतं. फ्रॉम मात्र प्रत्येक जागेसाठी नियम नव्याने चालवतं, म्हणून प्रत्येक पाढा स्वतंत्र.

आकडे मराठीत दिसायला हवे होते. त्यासाठी टू-लोकेल-स्ट्रिंग आहे, कंसात एमआर-आयएन लिहायचं. ब्राउझर आपणहून देवनागरी अंक देतो, आणि दहा लाख दिले तर १०,००,००० असा आपल्या पद्धतीने स्वल्पविराम टाकतो!

पुढचा प्रयोग तर मी कधीच विसरणार नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. क चा क्रमांक २३२५, ह चा २३६१. म्हणजे व्यंजनं ही क्रमाने येणाऱ्या आकड्यांचीच यादी! लांबी सदतीस, नियम असा की २३२५ मध्ये जागेचा क्रमांक मिळवायचा आणि स्ट्रिंग डॉट फ्रॉम-कोड-पॉइंटने त्याचं अक्षर करायचं. क, ख, ग, घ, ङ… वर्णमाला झरझर उतरली. मी नीट पाहिलं तर ळ हा ह च्या मागे नसून ल च्या शेजारी बसलेला. शिवाय द्राविडी भाषांतले उच्चार लिहिण्यासाठी ठेवलेले ऩ आणि ऴ. आणि र च्या लगेच पुढे ऱ, ज्याच्या अर्ध्या रूपाने संगणकावर वऱ्हाड आणि कऱ्हाड लिहितात! क्ष आणि ज्ञ या यादीत नाहीत, कारण ती जोडाक्षरं, त्यांना स्वतःचा क्रमांक नाही. एका लांबीने आणि एका नियमाने आपल्या लिपीची मांडणीच समोर ठेवली.

महिन्याचे दिवसही असेच निघतात. डेटला वर्ष, महिना आणि दिवस शून्य द्या. शून्यावा दिवस म्हणजे आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. महिने शून्यापासून मोजले जात असल्यामुळे मार्चचा क्रमांक दोन. २०२८ च्या मार्चचा शून्यावा दिवस विचारला की उत्तर एकोणतीस. झाली फेब्रुवारीची लांबी! लीप वर्षाचा हिशेब आपण करायचाच नाही. नियम तोच, क्रमांक अधिक एक, आणि दिनदर्शिकेचं पान तयार.

एक काळजी तेवढी घ्यावी लागते, आणि तिच्यातही केवढं शिकायला मिळतं! पाऊल शून्य दशांश एक असेल आणि आपण मागच्या आकड्यात पुढचं पाऊल मिळवत गेलो, तर दहा पावलांनी एक येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. दशांश एक हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका मांडता येत नाही, म्हणून प्रत्येक बेरजेत कणभर चूक साठत जाते. सुरुवात अधिक क्रमांक गुणिले पाऊल हा नियम वापरला, तर प्रत्येक पद थेट निघतं, मागच्याची चूक पुढच्याच्या अंगाला लागत नाही, आणि दहावं पाऊल बरोबर एकवर पडतं. तिसऱ्या पावलाला ०.३ च्या शेपटीत चार उरतो खरा, पण तो साठत नाही. श्रेढीचं सूत्र इथे अचूकतेचं साधन होऊन उभं राहतं!

आणि हे पचतं न पचतं तोच जनरेटर भेटला. फंक्शन शब्दापुढे तारांकन, आत कधीही न संपणारा लूप, आणि लूपमध्ये यील्ड. न संपणारा लूप म्हटल्यावर ब्राउझर अडकायला हवा, पण अडकत नाही, कारण यील्डपाशी फंक्शन एक आकडा हातात देऊन थांबतं आणि पुढचा मागेपर्यंत थांबूनच राहतं. यादीला तर मर्यादा असते: अ‍ॅरेची लांबी ४२९४९६७२९५ च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणजे दोनचा बत्तिसावा घात वजा एक. जनरेटरला लांबीच नसते. स्मृतीत एका वेळी एकच आकडा, आणि मालिका न संपणारी! लांबी आणि नियम यांतली लांबीसुद्धा सुटली, उरला फक्त नियम. त्यातले हवे तेवढे घ्यायला आता टेक आहे. इक्मास्क्रिप्ट २०२५ मध्ये इटरेटरांना मॅप, फिल्टर, टेक, ड्रॉप अशी साधनं मिळाली. सगळ्या नैसर्गिक संख्या घ्या, त्यांतल्या सातने भाग जाणाऱ्या निवडा, पहिल्या दहा द्या, असं लिहायचं, आणि यंत्र सत्तरपर्यंत मोजून थांबतं. साध्या अंकांची मोजणी ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंत भरवशाची असते. त्यापुढच्या आकड्यात एक मिळवला तरी उत्तर हलत नाही. तिथून पुढे जायचं तर बिगइंट घ्यायचा, जो २०२० च्या आवृत्तीत आला.

भाषेचं प्रमाण सांभाळणाऱ्या टीसी३९ समितीपुढे इटरेटर डॉट रेंजचा प्रस्ताव आहे. तो मंजूर होवो, मी पहिल्या दिवशी वापरीन. पण जे कुणी आता शिकायला बसले आहेत त्यांना मी कळकळीने सांगेन की त्याआधी एकदा स्वतःची रेंज स्वतः बांधा. एफ१२ दाबा, कन्सोल उघडा, लेंग्थ दहा लिहा, आणि नियमाच्या जागी मनात येईल ते घाला. घन, पाढे, अक्षरं, तारखा, विजेच्या बिलातले टप्पे, काहीही. उत्तर आलं की नियम बदला आणि पुन्हा एंटर दाबा. तिसऱ्या-चौथ्या बदलानंतर तुम्ही आकडे मागणं थांबवलेलं असेल आणि नियम शोधायला लागलेले असाल. आणि नियम शोधणं म्हणजेच तर प्रोग्रॅमिंग!